टू-डी गेमची चित्रं कशात काढावीत: एसप्राइट, क्रिटा, गिंप की फोटोशॉप?

प्रश्न थोडक्यात असा: दोघे मित्र गोडो ४ या गेम-इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) साइड-स्क्रोलिंग, म्हणजे आडवा सरकणारा, टू-डी गेम करताहेत. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, हाताशी एक छोटा पेन टॅब्लेट आहे. पिक्सेल आर्ट (ठिपका-ठिपका मोजून काढलेली चित्रं) करायचं की हाताने रंगवल्यासारखं, हे अजून ठरलेलं नाही. दर महिन्याला भाडं भरायची तयारी नाही. फोटोशॉप न शिकता चालेल का, आणि क्रिटा, गिंप, एसप्राइट यांतलं कोणतं घ्यावं?

आधी सरळ उत्तर. पिक्सेल आर्ट करणार असाल तर एसप्राइट घ्या. पैसे घालायचेच नसतील तर पिक्सेलोरामा. रंगवलेलं हवं असेल तर क्रिटा. फोटोशॉपवाचून तुमचं काही अडणार नाही. गिंप मशीनवर असू द्या, पण चित्रं काढायला नव्हे, काढलेल्या चित्रांची डागडुजी करायला. कारणं पुढे सविस्तर देतो, कारण तुमच्या गेमचं स्वरूप थोडं बदललं तर हे उत्तरही बदलतं.

सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण ब्रश मोजतात. गेमच्या कामात ब्रशचा नंबर बराच खाली लागतो. पोस्टरचं चित्र एकदा पूर्ण झालं की संपलं. गेममधलं चित्र गेम बाहेर पडेपर्यंत बदलत राहतं. नायकाचा डगला मागच्या भिंतीत मिसळतो म्हणून रंग बदला, उडी जड वाटते म्हणून मधली एक फ्रेम (हालचालीतलं एक चित्र) वाढवा, बटणावरचा मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लांब निघाला म्हणून बटण रुंद करा. म्हणून मोजायचं ते हे: मूळ फाइलमध्ये केलेला बदल चालत्या गेममध्ये दिसेपर्यंत किती पायऱ्या लागतात, आणि त्यांतल्या किती पायऱ्यांवर चूक होऊ शकते.

हे कळायला एक संध्याकाळ पुरते. ज्या दोन सॉफ्टवेअरमध्ये मन अडकलंय, त्या दोन्हींत हेच तीन नग बनवा: जमिनीची एक टाइल (शेजारी-शेजारी लावायचा चौकोनी तुकडा), चार फ्रेमची चाल, गोल कोपऱ्यांचं एक बटण. तिन्ही गोडोमध्ये आणून चालवा. चित्रं कशीही निघोत, काही बिघडत नाही. आता घड्याळ लावा आणि तीन बदल करा: सगळ्या फ्रेममधला डगला लालचा निळा करा, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेमच्या मध्ये एक नवी फ्रेम घाला, बटण पाचव्या भागाने रुंद करा. पुन्हा एक्स्पोर्ट करून गेम चालवा. पहिल्यांदा चित्रं काढायला किती वेळ लागला ते विसरा. या दुसऱ्या फेरीच्या वेळावर निवड करा.

या चाचणीत एक पथ्य पाळा: एक्स्पोर्ट केलेल्या फाइलचं नाव कधीही बदलायचं नाही. त्याच नावावर नवी पीएनजी (गेममध्ये जाणारी चित्राची फाइल) लिहिली की गोडोच्या खिडकीत परत येताच ती आपोआप नव्याने आयात होते आणि सगळ्या सीनमध्ये बदल दिसतो. ‘हीरो_फायनल_२’ असं नाव दिलंत की प्रत्येक सीनमध्ये जाऊन जोडणी हाताने बदलावी लागते, आणि एखादी हमखास राहते. आवृत्त्या मूळ फाइलच्या ठेवा, पीएनजीच्या नव्हे.

पिक्सेल आर्ट असेल तर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी गेमचा मूळ आकार ठरवा. ३२० × १८० हा आकार बहुतेक ठिकाणी सोयीचा पडतो: चारपट केला की १२८० × ७२०, सहापट केला की १९२० × १०८०, बारापट केला की ३८४० × २१६०. सगळीकडे पूर्णांकी पट, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल सारखाच मोठा दिसतो. १६ पिक्सेलच्या टाइल घेतल्या तर आडव्या वीस बसतात, उभ्या सव्वाअकरा. कॅमेरा सरकता असल्याने त्या पाव ओळीने काही अडत नाही. नायक २४ ते ३२ पिक्सेल उंच ठेवा. त्याहून लहान केलात तर चेहऱ्यावर भाव दाखवता येत नाहीत, मोठा केलात तर प्रत्येक फ्रेमचं काम भलतंच वाढतं.

आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर १३६६ × ७६८ चा पडदा अजून बराच दिसतो. तिथे चारपट चित्र १२८० × ७२० होतं आणि दोन्ही बाजूंना ४३, वर-खाली २४ पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती राहू द्या. पट्टी नको म्हणून चित्र ताणलंत तर काही पिक्सेल चार ठिपक्यांचे, काही पाच ठिपक्यांचे होतात आणि नायक चालताना त्याचा चेहरा लहरल्यासारखा दिसतो.

गोडोमध्ये यासाठी प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या तीन जागा महत्त्वाच्या: विंडोचा व्ह्यूपोर्ट आकार ३२० × १८०, स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ आणि त्याचा स्केल मोड ‘इंटिजर’, रेंडरिंगखालच्या टेक्स्चर्समध्ये डिफॉल्ट फिल्टर ‘निअरेस्ट’ (पिक्सेल धूसर न करणारा). जुन्या व्हिडिओंमध्ये हा फिल्टर प्रत्येक चित्राच्या इम्पोर्ट टॅबमध्ये दाखवतात. ती गोडो ३ ची पद्धत. गोडो ४ मध्ये तो तिथे सापडत नाही, आणि चित्र धूसर दिसलं की लोक उगाच चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला दोष देतात.

एसप्राइटची किंमत साधारण २० डॉलर, एकदाच. चाचणी आवृत्तीत सगळं वापरता येतं, फक्त सेव्ह होत नाही, त्यामुळे वर सांगितलेली चाचणी करायची तर ती पुरणार नाही. त्याचा मूळ कोड मात्र खुला ठेवलेला आहे. तो स्वतः कंपाइल करून स्वतःपुरता वापरायला परवानगी आहे, तयार झालेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटायला नाही. २०१६ मध्ये परवाना बदलण्याआधीच्या, जीपीएल या खुल्या परवान्याच्या कोडवरून लिबरेस्प्राइट निघालं; ते फुकट आहे, पण एसप्राइटमध्ये नंतर आलेले टाइलमॅप लेयर (टाइल मांडायचे थर) त्यात शोधू नका. पिक्सेलोरामा फुकट आणि खुलं, शिवाय गोडोमध्येच बनवलेलं. छोट्या गेमला ते पुरेसं आहे. फ्रेम वाढल्या, लेयर वाढले की एसप्राइट हाताला जास्त चपळ वाटतं, एवढाच माझ्या मते खरा फरक.

आता चालीची एक शीट (सगळ्या फ्रेम शेजारी-शेजारी मांडलेलं एकच चित्र) पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची ते बघू. नवी फाइल ४८ × ४८, कलर मोड ‘इंडेक्स्ड’. पॅलेट (वापरायच्या रंगांची यादी) १६ रंगांचं, फार तर ३२. इंडेक्स्ड मोडचं महत्त्व डगल्याच्या उदाहरणात कळतं: प्रत्येक पिक्सेलमध्ये रंग साठवलेला नसून पॅलेटमधला क्रमांक साठवलेला असतो, त्यामुळे पॅलेटमधल्या लालाच्या तीन छटा बदलल्या की सगळ्या फ्रेममधला डगला एका झटक्यात निळा होतो. यासाठी डगल्याच्या छटा दुसऱ्या कशालाही वापरायच्या नाहीत. ओठांना तोच लाल दिलात तर ओठही निळे होणार. दिसायला सारखाच असला तरी पॅलेटमध्ये त्याची जागा वेगळी ठेवा.

पेन्सिलचा ‘पिक्सेल-परफेक्ट’ पर्याय चालू करा, म्हणजे वळणावर येणारे जोड-ठिपके गळतात. ऑनियन स्किन (शेजारची फ्रेम फिकट दाखवणारी सोय) चालू करून आधी फक्त चार मुख्य स्थिती काढा: पाय टेकलेला, शरीर खाली, पाय ओलांडताना, शरीर वर, मग दुसऱ्या पायाच्या चार. आठ फ्रेम, प्रत्येकी १०० मिलिसेकंद, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडी जास्त वेळाची एक चाल. टेकलेला पाय सर्व फ्रेममध्ये तळाच्या त्याच ओळीवर असला पाहिजे. एक ओळ जरी वर गेली तरी गेममध्ये पात्र जमिनीवर टुणटुण उडताना दिसतं. चाल, उडी, मार खाणं यांना वेगवेगळे टॅग द्या.

मग कंट्रोल आणि ई दाबून ‘एक्स्पोर्ट स्प्राइट शीट’. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक होते ती ‘ट्रिम’ची. रिकामी जागा कापली तर शीट लहान होते हे खरं, पण गोडोच्या ॲनिमेटेड स्प्राइटमध्ये शीट सारख्या चौकोनांत कापून घेतली जाते. ट्रिम केलेल्या शीटमध्ये फ्रेमच्या जागा बदललेल्या असतात, मग चौकोन चुकतात आणि पात्र दर फ्रेमला डावी-उजवीकडे हिसके खातं. फ्रेमच्या जागा सांगणारी जेसन फाइल वाचणारा प्लगइन वापरत असाल तरच ट्रिम चालू करा. नाहीतर ‘बाय रोज’, ट्रिम बंद, स्पेसिंग १ पिक्सेल, आणि गोडोमध्ये शीट कापताना सेपरेशन १ द्यायला विसरू नका. पुढच्या वेळी ‘रिपीट लास्ट एक्स्पोर्ट’ केलं की याच सेटिंगवर त्याच फाइलवर शीट लिहिली जाते. मी एसप्राइटची बाजू घेतो ती मुख्यतः या एका सोयीमुळे.

टाइलसेटच्या (टाइलच्या संचाच्या) बाबतीत टाइलच्या कडांवर बारीक रेषा चमकतात ही तक्रार सर्रास असते. कॅमेरा अपूर्णांकी जागेवर थांबला की शेजारच्या टाइलचा रंग कडेला डोकावतो. गोडो ४ चा टाइलसेट स्वतःच एक पिक्सेलची झालर लावून घेतो, तो पर्याय बंद करू नका. इतर इंजिनांत हीच झालर एसप्राइटमधल्या ‘एक्स्ट्रूड’ने लावता येते.

क्रिटा, गिंप, फोटोशॉप यांत पिक्सेल आर्ट होत नाही असं नाही. पण तिथे दर वेळी ब्रश कडक आहे ना, सिलेक्शनची कड मऊ नाही ना, आकार बदलताना ‘निअरेस्ट’ निवडलंय ना, हे तपासत बसावं लागतं. एकदा विसरलात की कडेला अर्धपारदर्शक ठिपके येतात, आणि ते शंभर टक्के झूमवर दिसत नाहीत, सहापट मोठे झाल्यावर गेममध्ये दिसतात. आणखी एक पथ्य: नायक मूळ मापात आणि बॉस (मोठा शत्रू) दुप्पट ताणलेला, असं करू नका. एकाच पडद्यावर दोन आकाराचे पिक्सेल नवख्यालाही खटकतात.

रंगवलेलं चित्र असेल तर

क्रिटा फुकट आहे. स्टीम आणि विंडोज स्टोअरवर त्याला किंमत दिसते ती विकासाला हातभार म्हणून. अधिकृत साइटवरची आवृत्ती विनामूल्यच आहे आणि तिच्यात काही कापलेलं नाही. ब्रशच्या बाबतीत ते कुणाच्या मागे नाही. तुमच्या कामाच्या दृष्टीने त्याचे दोन गुण मोठे. पहिला, ‘रॅप अराउंड’ मोड: डब्ल्यू दाबला की कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, उजव्या कडेवर मारलेला फटकारा डाव्या कडेतून पुढे जातो. दगडी भिंत, गवत, पाणी अशा सांधा न दिसणाऱ्या पोतांसाठी याहून सोपं साधन मिळणार नाही. दुसरा, टूल्सखालच्या स्क्रिप्ट्समधलं ‘एक्स्पोर्ट लेयर्स’: प्रत्येक लेयरची किंवा ग्रुपची वेगळी पीएनजी एका फेरीत निघते.

८ जीबी रॅमवर क्रिटा चालेल का? चालेल, पण हिशोब करून. ३८४० × २१६० चा पूर्ण भरलेला एक लेयर ८-बिट रंगात सुमारे ३२ एमबी खातो; १६-बिट घेतलंत की दुप्पट. चाळीस भरलेले लेयर म्हणजे सव्वा जीबीच्या वर, शिवाय अनडूचा साठा वेगळा, आणि मागे गोडो व ब्राउझर उघडे. रिकामा लेयर जवळजवळ फुकट असतो, कारण क्रिटा रंग लागलेले छोटे चौकोनच साठवतं. तेव्हा पूर्ण पडद्यावर हलका धुक्याचा थर देणारे दहा लेयर ठेवण्यापेक्षा ते एकत्र करा. कॅनव्हास ८-बिट, एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगपद्धत). डीपीआयचा (दर इंचाला किती ठिपके याचा) आकडा काहीही असला तरी गेमला फरक पडत नाही. ३०० डीपीआय हा छपाईचा विषय. परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मेमरीची मर्यादा निम्म्या रॅमच्या आसपास ठेवा. मोठा ब्रश अडखळत असेल तर ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ चालू करून बघा.

चित्र गेममध्ये दिसणार त्याच्या दुप्पट आकारात रंगवा आणि एक्स्पोर्ट करताना निम्मं करा. चौपट नको: चौपटीत काढलेले बारकावे निम्म्याच्या निम्म्यात नुसता गोंगाट होतात, आणि लॅपटॉप हाशहुश करतो.

आता मेमरीचा दुसरा हिशोब, जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डिस्कवर दीड एमबीची दिसणारी पीएनजी जीपीयूमध्ये (ग्राफिक्सच्या चिपमध्ये) जाताना पूर्ण उलगडते. ३८४० × २१६० चं पार्श्वभूमीचं चित्र तिथे सुमारे ३२ एमबी घेतं, फाइल कितीही छोटी असो. पॅरॅलॅक्सचे (वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या पार्श्वभूमीचे) असे पाच थर म्हणजे १६० एमबी. लॅपटॉपवर निभावेल, स्वस्त फोनवर नाही. शिवाय जुन्या फोनच्या जीपीयूला ४०९६ पिक्सेलपेक्षा मोठं टेक्स्चर (गेममध्ये चढवलेलं चित्र) बऱ्याचदा झेपत नाही. दूरचे डोंगर, आकाश, ढग हे तसेही धूसर असतात. ते अर्ध्या आकारात एक्स्पोर्ट करून गोडोमध्ये दुप्पट करा: ३२ एमबीचे आठ होतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. फक्त पुढचा थर, जिथे नायक वावरतो, तो पूर्ण आकारात ठेवा.

‘एक्स्पोर्ट लेयर्स’मध्ये लेयरच्या मजकुराएवढाच आकार कापून घ्यायचा पर्याय आहे. झाडं, पेट्या, कंदील अशा सुट्या वस्तूंसाठी तो चालू करा. पॅरॅलॅक्सच्या थरांसाठी बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक थराची मूळ जागा हरवते आणि गोडोमध्ये अंदाजपंचे जुळवत बसावं लागतं. गोडो क्रिटाची किंवा फोटोशॉपची फाइल थेट वाचत नाही, पीएनजीच द्यावी लागते. युनिटी या दुसऱ्या इंजिनात पीएसडी इम्पोर्टर नावाचं पॅकेज फोटोशॉपची पीएसडी फाइल लेयरसकट वाचतं आणि त्यावर हालचालीसाठी हाडं बसवता येतात. युनिटीत असता तर माझं उत्तर फोटोशॉप किंवा क्लिप स्टुडिओकडे (त्याबद्दल पुढे) थोडं झुकलं असतं.

कडेचा पांढरा धागा

रंगवलेल्या चित्रांत सगळ्यात जास्त येणारी अडचण ही: सॉफ्टवेअरमध्ये कड स्वच्छ दिसते, गेममध्ये पात्राभोवती पांढरी किंवा काळपट रेषा. दोन वेगळी कारणं असतात आणि उपायही वेगळे.

एक, चित्र पांढऱ्या कागदावर काढून नंतर जादूच्या कांडीने पांढरा भाग उडवलेला असतो. कडेचे ठिपके आधीच अर्धे पांढरे झालेले असतात, ते राहून जातात. उपाय नंतर करण्यात अर्थ नाही. पहिल्यापासून पारदर्शक लेयरवर काढा आणि खाली मध्यम करड्या रंगाचा वेगळा लेयर ठेवा. करडा यासाठी की पांढऱ्यावर काढलं की आपण नकळत सगळं गडद करत जातो.

दोन, पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही आत एक रंग असतोच, तो दिसत नाही एवढंच. बरीच सॉफ्टवेअर तिथे काळा किंवा पांढरा लिहितात. गेममध्ये चित्र लहान-मोठं होताना जीपीयू शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो आणि तो लपलेला रंग कडेत झिरपतो. गोडोच्या इम्पोर्ट टॅबमध्ये ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ मूळचाच चालू असतो, तो हेच दुरुस्त करतो: कडेचा रंग पारदर्शक भागात थोडा पसरवतो. युनिटीत त्याच कामाला ‘अल्फा इज ट्रान्स्परन्सी’. गिंपमधून पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपून ठेवायचा पर्याय असतो. रंग मुद्दाम पसरवून ठेवले असतील तेव्हा तो चालू करा. तपासायची सोपी रीत: गेममध्ये पात्रामागे भडक गुलाबी आयत ठेवा आणि कॅमेरा पुढे-मागे करा. धागा असेल तर लगेच उठून दिसतो.

कॅमेरा खूप मागे जाणार असेल तर रंगवलेली चित्रं चमचमतात. त्यावर इम्पोर्टमध्ये मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती) तयार करा आणि त्या नोडचा फिल्टर ‘लिनिअर मिपमॅप’ करा. मेमरी एक तृतीयांशाने वाढते, म्हणून सरसकट नको.

रंग फिके पडण्याची तक्रार बहुतेक वेळा आयपॅडवरून येते. तिथल्या प्रोक्रिएट या सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास बऱ्याचदा डिस्प्ले पी-३ या रंगप्रोफाइलचा असतो. गेम इंजिन ते प्रोफाइल वाचत नाही, आकडे जसेच्या तसे एसआरजीबी समजतं, आणि भगवा मातकट होतो. कॅनव्हास बनवतानाच एसआरजीबी निवडा. क्रिटाच्या पीएनजी एक्स्पोर्टमध्येही सक्तीने एसआरजीबीत बदलायचा पर्याय आहे.

बाकीच्यांबद्दल

गिंप: इंडेक्स्ड मोड, ऑफसेट (चित्र सरकवून कडा तपासणं), पारदर्शकतेची तपासणी, डीडीएस (गेमसाठीचा एक चित्र-प्रकार) फाइल यांसाठी उत्तम. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत मूळ चित्राला हात न लावता फिल्टर देता येतात, ही जुनी उणीव भरून निघाली. रंगवायला मात्र हात क्रिटाकडेच वळतो.

क्लिप स्टुडिओ पेंट रेषाप्रधान चित्रांसाठी फार चांगलं: व्हेक्टर लेयरवर काढलेली रेषा नंतर जाड-बारीक करता येते, एकमेकींना छेदणारी टोकं एका फटक्यात पुसता येतात. विंडोजसाठी एकरकमी परवाना मिळतो. घेण्याआधी एवढं बघा की प्रो आवृत्तीत ॲनिमेशनला २४ फ्रेमची मर्यादा आहे. ती उठते महाग असलेल्या ईएक्समध्ये. कॉमिकसारख्या शैलीचा गेम असेल तर क्रिटाआधी हेच करून बघा.

प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर, आणि कॅनव्हास मोठा केला की लेयरची संख्या कमी होते. आयपॅड घरात असेल तर कच्ची रेखाटनं त्यात करा, पीएसडी काढून क्रिटात न्या. आयपॅड केवळ यासाठी विकत घेऊ नका.

फोटोशॉपचं खरं कारण एकच: स्टुडिओत नोकरी. तिथे फाइल पीएसडीत मागतात आणि पीएसडीतच देतात. ते तुमचं आजचं काम नाही. पायरेटेड प्रत वापरून बघू, हा विचार सोडा. त्या फाइलसोबत काय येतं ते कळेपर्यंत गेमच्या खात्याचा पासवर्ड गेलेला असतो.

बटणं, हृदयं, नाणी, मेन्यूच्या चौकटी यांना इंकस्केप हे व्हेक्टर (रेषा-आकारांचं) सॉफ्टवेअर वापरा. गोडो त्याची एसव्हीजी फाइल घेतो, पण आयात करतानाच त्याचं पिक्सेलचं चित्र करतो, म्हणून इम्पोर्टमधला स्केल गरजेनुसार आधीच वाढवा. नंतर ताणलं तर व्हेक्टर असूनही फुटणार. बटणाला नाइन-पॅच करा: कोपरे स्थिर, मधला भाग ताणला जातो. चाचणीतला ‘बटण रुंद करा’ हा बदल मग चित्रकाराकडे जातच नाही.

पेनमध्ये दाब लागत नसेल किंवा रेषा उशिरा उमटत असेल तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक या पेन वाचायच्या दोन पद्धतींपैकी जे निवडलंय तेच टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्येही आहे का ते बघा. पेन टेकवून धरल्यावर गोल वर्तुळ येतं ते विंडोजचं ‘दाबून धरा म्हणजे राइट क्लिक’. ते बंद करा. जुन्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढल्याशिवाय नवा टाकू नका, दोघे एकमेकांचा दाब गिळतात. पिक्सेल आर्टला मात्र माउस पुरतो.

देवनागरी मजकूर असेल तर

गेममध्ये मराठी असणार असेल तर मजकूर चित्रात भाजून टाकू नका, शक्य तिथे इंजिनकडूनच लिहून घ्या. गोडो ४ ची मजकूर मांडणी हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यामुळे ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध्य’ आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. युनिटीत टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात देवनागरी टाकली की पहिली वेलांटी अक्षराआधी न येता नंतर उभी राहते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात, हा अनुभव ठरलेला आहे. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर फॉन्टमध्ये ती सोय आहे का बघा आणि लेबलची भाषा मराठी करा.

शीर्षकाचा लोगो चित्रच असतो. तो इंकस्केपमध्ये लिहा, अक्षरांचे पाथ (साधे आकार) करून घ्या, मग क्रिटात रंगवा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत करणार असाल तर टाइप सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचं मजकूर इंजिन निवडावं लागतं. पिक्सेल गेममध्ये देवनागरीला जागा जास्त लागते: शिरोरेषेवर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये अक्षराचं पोट. ८ पिक्सेल उंचीत इंग्रजी बसतं, मराठी नाही. १६ पिक्सेलची ओळ धरूनच संवादाची चौकट आखा.

फाइली ठेवताना

मूळ फाइलींचं फोल्डर गेमच्या फोल्डरमध्येच ठेवलं तरी चालेल, पण त्यात ‘.जीडीइग्नोर’ नावाची रिकामी फाइल टाका (नाव अर्थात रोमन अक्षरांत), म्हणजे गोडो त्यातली कच्ची चित्रं आयात करत बसणार नाही. दोघे मिळून काम करताय म्हणजे गिट (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असालच. ते काम ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीहून मोठी फाइल घेतच नाही, आणि क्रिटाची पार्श्वभूमीची फाइल तो आकडा सहज ओलांडते. पहिल्या दिवसापासून गिट एलएफएस (जड फाइली वेगळ्या ठेवायची सोय) लावा, नंतर इतिहासातून जड फाइल काढणं किचकट होतं. चित्राच्या फाइली दोघांचे बदल एकत्र करून देत नाहीत, तेव्हा एका वेळी एकच जण ती फाइल उघडेल असं ठरवा, किंवा एलएफएसचं लॉक वापरा. क्रिटा नावाच्या शेवटी लाटेचं चिन्ह लावून जुनी प्रत मागे ठेवतं, ती गिटच्या दुर्लक्ष-यादीत घाला. पीएनजी आणि तिच्याशेजारची ‘इम्पोर्ट’ फाइल दोन्ही गिटमध्ये जाऊ द्या, कारण फिल्टर, मिपमॅप, अल्फा बॉर्डर या सगळ्या निवडी त्या छोट्या फाइलीतच असतात, ‘.गोडो’ फोल्डर मात्र बाहेर ठेवा, ते प्रत्येक मशीनवर गोडो स्वतः नव्याने तयार करतं.